सोलापूरची तत्काळ पेज

पुण्याहून सोलापुरास जाणारा प्रवासी बहुधा झोंप काढतो, आणि त्याला दोष देतां येत नाहीं. या वाटेवर घाट नाहीं, बोगदा नाहीं, दऱ्याखोरीं नाहींत. भिगवणच्या आसपास उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यांत रोहित पक्षी येतात, ते पाहणारी हौशी मंडळी तेवढी मध्येंच उतरून जाते. बाकीचे लोक डोळे मिटून बसतात. आम्ही मात्र कुर्डुवाडी मागें पडली कीं खिडकी सोडीत नाहीं. तेथून पुढें जमीन काळी होत जाते, आणि माघाच्या दिवसांत त्या काळ्या जमिनीवर ज्वारी उभी असते. ताटांचीं पानें वाळत आलेलीं, कणसें दाण्यांनीं लवलेलीं, आणि खालीं भुईला हात जाईल एवढाल्या भेगा. नवख्या माणसास वाटतें कीं हें पीक तहानेनें मेलें. वस्तुतः तें याच स्थितींत पिकावयाचें असतें.

सोलापूर जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस सरासरीनें ५०० ते ५५० मिलिमीटर, आणि त्यांतलाहि मोठा वांटा भाद्रपदाच्या सुमारास पडावयाचा. म्हणून येथील मुख्य ज्वारी पावसाळ्याच्या आरंभीं पेरीत नाहींत. पावसाळा सरतां सरतां पेरतात. पुढील चार महिने आकाशांतून बहुधा कांहींच येत नाहीं. काळ्या मातीनें पोटांत धरून ठेवलेली ओल, पहाटेचें दंव आणि रात्रीची थंडी एवढ्या भांडवलावर दाणा भरतो. गाडी मोहोळास आली कीं शेजारच्या मंडळींस आम्ही नेहमीं सांगतों कीं, जिची भाकरी महाराष्ट्र-कर्नाटकांत घरोघर होते ती ‘मालदांडी ३५-१’ ही जात १९३० च्या दशकांत याच मोहोळच्या शेतीकेंद्रांत स्थानिक मालदांडींतून निवडून काढलेली आहे. आणि १९३३ सालीं खुद्द सोलापुरांत कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. त्यानंतर कित्येक नव्या जाती निघाल्या, पण गिऱ्हाईक अद्याप दुकानांत जाऊन मालदांडीच मागतें. शेजारची मंडळी हें सर्व सभ्यपणें ऐकून घेतात आणि पुन्हां झोंपतात.

हल्लीं या काळ्या पटावर उसाच्या हिरव्या पट्ट्या वाढल्या आहेत. १९८० मध्यें उजनी धरण पुरें झालें, कालवे आले, आणि साखर कारखान्यांच्या बाबतींत हा जिल्हा महाराष्ट्रांत अग्रेसर झाला. पाणी मिळाल्यावर शेतकऱ्यानें ऊस लावूं नये असें पुण्यांत बसून म्हणणें सोपें आहे. आम्ही तें म्हणणार नाहीं. ज्वारी मागें हटली कीं गुरांचा कडबाहि मागें हटतो, एवढेंच नोंदवून ठेवतों.

यंदाच्या माघांत आमचें सोलापुरास जाणें झालें तें शेतें पाहण्यासाठीं नव्हे. आमच्या थोरल्या वहिनी दक्षिण कसब्यांतील जुन्या घरांत एकट्या राहतात. वय ८१. दादांना जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. मुलगा पुण्यास नोकरीस आहे. दिवाळीनंतर वहिनींचे उरलेसुरले दांत काढावे लागले. नवी कवळी हिरड्यांना टोंचूं लागली, म्हणून ती डबींतच राहिली, आणि भाकरी सुटली. ज्या बाईनें साठ वर्षें दोन्ही वेळां ज्वारीची भाकरी खाल्ली, ती चहा आणि भिजविलेलीं बिस्किटें यांवर आली. दीड महिन्यांत चार किलो वजन उतरलें. पुतण्यानें ओटचीं पुडकीं आणून ठेवलीं: वाटींत ओतावें, वर उकळतें पाणी घालावें, तीन मिनिटांत न्याहारी तयार. वहिनींनीं दोन चमचे खाऊन वाटी बाजूस सारली. मग पुतण्याचा आम्हांस फोन आला, “काका, तुम्ही येऊन आईला समजवा. आतां तिला पुण्याला आणूं.” त्याचें चुकत होतें असें नाहीं. एकट्या राहणाऱ्या माणसानें जेवण टाकलें तर मुलानें काय करावें?

वहिनींचें म्हणणें मात्र एका वाक्याचें होतें. “भाऊजी, भाकरी सुटली म्हणून घर सोडायचं होय?”

पुडक्याच्या पाठीमागचीं बारीक अक्षरें आम्हीं भिंग लावून वाचलीं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळें बारीक अक्षर दिसलें कीं तें वाचल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. ओट होता, त्याच्या मागोमाग साखर, मीठ, पिठूळ द्रव्यें आणि ‘निसर्गतुल्य सुवास’ अशी वरात होती. वहिनींची तक्रार धान्याविरुद्ध नव्हतीच. “याला भांडी घासायच्या साबणाचा वास येतो,” असें त्यांचें म्हणणें. आम्हींहि एक चमचा तोंडांत घातला. तक्रार अगदींच निराधार नव्हती. पण एका पुडक्यावरून ओट या धान्यास नांवें ठेवणें हा अन्याय होईल. त्यांतील एक विद्राव्य तंतु रक्तांतील मेद उतरविण्यास उपयोगी पडतो, हें सिद्ध झालेलें आहे. ओट म्हणजे आपल्या उत्तरेकडील जई. तिकडे ती मुख्यतः वैरणीसाठीं पेरतात. इंग्लंडांतहि तिची प्रतिष्ठा एके काळीं एवढीच होती. जॉन्सन यानें १७५५ च्या आपल्या कोशांत या शब्दाचा अर्थ देतांना इंग्लंडांतील घोडे आणि स्कॉटलंडांतील माणसें यांना एकाच दावणीला बांधलें. आज तेंच धान्य जगांतील श्रीमंतांच्या मेजावर आहे. ज्वारीला ‘गरिबाचें धान्य’ म्हणणाऱ्यांनीं हा इतिहास ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

तर हा ओट ‘तत्काळ’ कसा होतो? दाण्याचें टरफल काढतात, त्याला वाफ देतात, रुळांमधून चेपून पोहा करतात. पोहा जितका पातळ आणि बारीक, तितका लवकर मऊ होतो. अमेरिकेंतील क्वेकर कंपनीनें १९२२ मध्यें लवकर शिजणारा ओट बाजारांत आणला आणि १९६६ मध्यें नुसत्या उकळत्या पाण्यांत होणारा. म्हणजे यांतील सर्व जादू एवढीच कीं, शिजविण्याचें काम आपल्या आधींच कोणीं तरी करून धान्य वाळवून ठेवलेलें असतें. आपण त्याला फक्त पाणी परत देतों.

ही गोष्ट लक्षांत आल्यावर आमच्यांतील संस्कृतचा मास्तर जागा झाला. पृथुक म्हणजे पोहे, लाजा म्हणजे लाह्या, सक्तु म्हणजे सातूचें पीठ. तिन्ही शब्द जुने, आणि तिन्ही पदार्थ आधींच उष्णतेंतून गेलेले, पुढें नुसते भिजवून खाण्याजोगे. सुदामा द्वारकेस गेला तो याच जातीचें अन्न पदराला बांधून. शार्ङ्गधरसंहितेंत तर पाण्याचींहि प्रमाणें दिलेलीं आहेत: विलेपीला धान्याच्या चौपट, यवागूला सहापट, मण्डाला चौदापट. यावरून ओटहि मूळचा आपलाच, असें सिद्ध करूं पाहणारे लोक आमच्या ओळखीचे आहेत. आमच्या पेशांतच ते अधिक सांपडतात. आम्हांस तें कांहीं सिद्ध करावयाचें नाहीं. आम्हांस फक्त वहिनींच्या वाटींत ज्वारी कशी घालतां येईल, हें पाहावयाचें होतें. निघंटुकार ज्वारीला ‘यावनाल’ म्हणतात. आमच्या वहिनी तिला ‘जोंधळा’ म्हणतात, आणि दोघांचा अर्थ एकच आहे.

उत्तर शेजारच्या दारांतून आलें. सोलापुरांत चार भाषा एका बोळांत नांदतात. रिक्षावाला आपल्याशीं मराठींत बोलतो आणि वळून दुसऱ्याशीं कानडींत; पूर्वभागांत पद्मशाली विणकरांची तेलुगू, आणि उर्दू तर सर्व पेठांतून. वहिनींच्या शेजारीं कानडी बोलणारें एक लिंगायत कुटुंब आहे, त्यांतील वयस्क बाईंस सारा बोळ ‘अक्का’ म्हणतो. अक्कांनीं आम्ही आलों म्हणून कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी पाठविली. कडक भाकरी ही या भागाची खास वस्तु. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापतात, तव्यावर भाजतात, आणि मग मंद आंचेवर तींतलें पाणी पूर्ण जाईपर्यंत शेकत ठेवतात. ती पापडासारखी मोडते, आणि कोरडी ठेवली तर कित्येक दिवस बिघडत नाहीं. प्रवासाला, यात्रेला, बांधून न्यावयाला सोयीची. १८७७ मध्यें ‘जुनी मिल’ सुरू झाली आणि सोलापूर गिरण्यांचें गांव झालें; त्या काळीं भोंग्यावर धांवणाऱ्या माणसाला अशा बांधून नेण्याजोग्या भाकरीची सोय केवढी वाटत असेल! भोंगे आतां थांबले आहेत, पण ही भाकरी टिकली. हल्लीं बायकांचे बचतगट ती करून गठ्ठ्यांनीं विकतात.

वहिनींना ती चावणें शक्यच नव्हतें. अक्कांनीं काय केलें, तर एक भाकरी हातानें चुरली, वर कढत पाणी शिंपडून झांकण ठेवलें, आणि पांच मिनिटांनीं त्यांत ताक, मीठ व जिरेपूड घालून वाटी पुढें केली. वहिनींनीं ती सगळी खाल्ली. आम्ही कांहीं बोललों नाहीं. पुतण्याहि बोलला नाहीं. अक्का मात्र म्हणाल्या, “जोळ हाय की हो, पोटाला वळख हाय.” दीड महिन्यानंतर त्या घरांत वाटी रिकामी झाली होती, आणि ती जगांतील सर्वांत जुन्या तत्काळ न्याहारींपैकीं एक होती.

परंतु रोज भाकरी कोण चुरणार? अक्कांच्याहि गुडघ्यांना आतां जिना सोसत नाहीं. म्हणून आम्हीं व पुतण्यानें मिळून असें ठरविलें कीं, वहिनींच्या हातानें डबा उघडतां येईल, दोन डाव घालतां येतील आणि थर्मासमधलें पाणी ओततां येईल, एवढेंच काम उरेल असें कांहीं करावें. तें एक महिना चाललें, वजन उतरावयाचें थांबलें, तर पुण्याची गोष्ट पुन्हां काढावयाची नाहीं. डॉक्टरांनाहि हें सांगितलें. त्यांनीं दोन अटी घातल्या: दर आठवड्यास वजन, आणि नुसत्या पिष्टावर राहूं नये, दूध वा डाळ पोटांत गेलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मंगळवेढ्यास गेलों. सोलापुरापासून सुमारें ५५ किलोमीटर. वाटेंत माचणूरपाशीं भीमा लागते. कांठावर सिद्धेश्वराचें देऊळ आणि औरंगजेबाच्या वेळचा किल्ला आहे. पुतण्यास ऑफिसचे फोन येत होते, म्हणून तेथें थांबणें झालें नाहीं. मंगळवेढ्याची काळी जमीन खोल, आणि तेथील ज्वारीची कीर्ति एवढी कीं २०१६ मध्यें तिला भौगोलिक मानांकन मिळालें. पण या गांवाचें नांव मराठी माणसाच्या कानावर लहानपणीं पडतें तें दामाजीपंतांच्या कथेमुळें. पंधराव्या शतकांत बहामनी राज्याचे ते येथील अंमलदार. दुष्काळांत त्यांनीं सरकारी कोठार लोकांना खुलें केलें आणि विठ्ठलानें स्वतः जाऊन त्या धान्याची रक्कम भरली. कीर्तनकार विठ्ठलाच्या येण्यावर रंगतात. देवळांत हात जोडून उभे असतां आमच्या मनांत मात्र निराळेंच आलें. वांटावयाला कोठारांत धान्य होतें, म्हणून ती कथा घडली. या मुलखांत पाऊस चुकतो हें गृहीत धरूनच संसार चालत असे. जमिनींत पेंव खणून ज्वारी वर्षानुवर्षें ठेवीत. आज पिकेल तें उद्यांच्या अडचणीसाठीं तयार करून ठेवावें, ही या भागाची बुद्धि जुनी आहे. डबा म्हणजे एक लहानसें पेंवच कीं.

बाजारांत आम्हीं टपोरी मालदांडी पाहून दहा किलो मागितली. दुकानदारानें विचारलें, “कशाला पायजे मालक?” लाह्यांना, असें सांगतांच त्यानें माप खालीं ठेवलें. “मग ही नका नेऊ. ही भाकरीची. लाह्यांची ज्वारी येगळी.” त्याचें म्हणणें शास्त्राला धरून आहे. लाही फुटावयाची तर दाणा लहान, टणक आणि कवच धडधाकट असावें लागतें, म्हणजे आंत वाफ कोंडते आणि मग एकदम फुटते. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें लाह्यांसाठीं ‘फुले पंचमी’ आणि हुरड्यासाठीं ‘फुले मधुर’ अशा स्वतंत्र जाती काढलेल्या आहेत. पहिलीचें नांव नागपंचमीच्या लाह्यांवरून, हें सांगावयास नकोच. आम्हीं दोन प्रकारची ज्वारी घेतली: लाह्यांची चार किलो, भाकरीची सहा. एका दुकानदारानें अधिक विक्री सोडून खरें सांगितलें, त्याबद्दल त्याला आम्हीं चहा पाजला.

आतां कृति सांगतों. ज्या घरांत म्हातारें माणूस, शाळेंत जाणारें मूल आणि सकाळीं आठाला नोकरीस निघणारी सून, असे तिघे आहेत, त्या घरास ती उपयोगी पडेल.

ज्वारी निवडून उकळत्या पाण्यांत घालावी, दहा मिनिटें झांकून ठेवावी, उपसून फडक्यांत रात्रभर बांधावी. सकाळीं सावलींत तासभर पसरावी. वरचें पाणी जावें, आंतली ओल राहावी. लोखंडी कढई चांगली तापवून एका वेळीं एकच मूठ टाकावी आणि फडक्याच्या बोळ्यानें हलवीत राहावें. अर्ध्या मिनिटांत कढईंत पांढरा गलबला होतो. लाही फुटली म्हणजे दाणा आंतून शिजला. याच कारणानें पुढें तिला नुसतें कढत पाणी पुरतें. कोरडें भाजलेलें पीठ मात्र पाण्यांत कालविलें तर कच्चट लागतें, म्हणून त्या वाटेस जाऊं नये. न फुटलेले गणंग चाळून काढणें अत्यंत जरूर. बिनदांताच्या तोंडांत एक गणंग गेला तरी सगळी वाटी नकोशी होते. लाह्या थंड झाल्यावर यंत्रांत एक-दोन फिरकींत जाडसर भरडाव्या. पीठ करूं नये. धान्य जितकें बारीक, तितकी त्याची साखर रक्तांत लवकर चढते, असें डॉक्टरांनीं पुतण्यास मुद्दाम बजाविलें, कारण मधुमेह वहिनींना नसून त्याला आहे.

या भरडीच्या चार वाट्या, कडक भाकरीचा चुरा दोन वाट्या, आणि पंढरपुरी डाळ्यांचें पीठ एक वाटी. डाळें आधींच भाजलेलें असतें, त्यामुळें तेंहि शिजवावें लागत नाहीं, आणि डॉक्टरांची डाळीची अट तेवढी तरी भागते. हा झाला मूळ डबा.

चवीसाठीं आम्हीं त्याचे वांटे केले. पहिल्यांत भाजलेल्या जिऱ्याची पूड, कढीलिंबाचीं पानें सावलींत वाळवून चुरलेलीं, चिमूटभर हिंग, सैंधव आणि दोन चमचे मेतकूट. हा ताकांत किंवा नुसत्या पाण्यांत. दुसऱ्यांत खारकेची पूड, वेलदोडा, सुंठ आणि थोडा कोरडा किसलेला गूळ, हा दुधांत. गुळाला ओल सुटते, म्हणून या डब्याचें पंधरा दिवसांपुरतेंच करावें. शेंगाचटणी डब्यांत मिसळूं नये. शेंगदाण्याचें तेल सुटून सर्वच खवट होतें. ती खातांना वरून घ्यावी, आणि सोलापुरांत राहून ती न घेणें हा एक प्रकारचा करंटेपणा आहे. तूपहि वरूनच. नातवाच्या हट्टासाठीं तिसऱ्या डब्यांत सूनबाईंनीं कोको घातला. ज्वारींत कोको, हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं कपाळास हात लावला. पण मुलगा खातो, आणि त्याच्या पुडक्यांतील साखरेच्या निम्मीहि साखर त्यांत नाहीं.

पहिल्या दिवशीं पाणी चौपट घेतलें तें वहिनींना दाट वाटलें. सहापट केलें आणि पांच मिनिटें झांकण ठेवलें तेव्हां जमलें. शार्ङ्गधराची यवागूच ती.

लाह्या फोडतांना वहिनी पाटावर बसून पाहत होत्या. याच स्वयंपाकघरांत, याच कढईंत, एके काळीं त्या चौदा माणसांच्या घरासाठीं लाह्या फोडीत. पहाटे चारला चूल पेटे, आणि आम्ही दीर मंडळी सातला उठून दूधलाह्यांची वाटी हातांत घेत असूं. ती वाटी कशी तयार होते हें आम्हांपैकीं कोणीं विचारल्याचें स्मरत नाहीं. जुन्या एकत्र कुटुंबांत सगळें ताजें आणि घरचें असे, असें आपण अभिमानानें लिहितों. तें खरेंच आहे. त्या काळीं तत्काळ न्याहारीचें पुडकें नव्हतें, वहिनी होत्या. हल्लींच्या सुना पुडकें फाडतात म्हणून नाक मुरडणाऱ्या मासिकी लेखांत आमचेहि एक-दोन लेख असतील तर वाचकांनीं ते या हिशेबासह वाचावे. सूनबाईंनीं आरंभींच स्पष्ट सांगितलें, “काका, कृती उत्तम आहे. पण दर पंधरवड्याला हे मी एकटी करणार नाही.” आम्हांस तें रास्त वाटलें. म्हणून कढई पुतण्याच्या हातीं आली. संगणकावर बोटें चालविणाऱ्या त्या गृहस्थाला पहिल्या घाण्याला चटका बसला, दुसऱ्या घाण्याला अर्धे गणंग राहिले, आणि चौथ्या घाण्याला वहिनींनीं पाटावरून मान हलविली. कडक भाकरी घरीं करावयाची नाहीं. ती बचतगटाकडून विकत घ्यावयाची, असेंहि ठरलें. निवडणें आणि चाळणें नातवाकडे, मोबदला ठरवून.

महिना पुरा झाला तो फाल्गुनांत. पहिल्या आठवड्यांत वजन होतें तेवढेंच राहिलें, पुढें सावकाश चढलें. गेलेल्या चारांतील दीड किलो परत आलें. कवळी दुरुस्त करून आणली आहे, पण वहिनी ती फक्त पाहुणे आल्यावर लावतात. पुतण्यानें आपला शब्द पाळला. त्यानें दोन गोष्टी मात्र आपल्या मनानें केल्या: न्हाणीघरांत धरावयास लोखंडी गज बसविला, आणि अक्कांच्या नातीला रोज संध्याकाळीं एकदां डोकावून जावयाचें काम लावून दिलें. त्यावर वहिनी प्रथम रागावल्या. आतां ती पोर आली नाहीं तर रागावतात.

पावसाळ्यांत लाह्या सर्द होतात. यासाठीं मृगाच्या आधीं दोन महिन्यांचा मूळ डबा भरून, कडक उन्हें दाखवून, घट्ट झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवावयाचा, आणि चवीचें साहित्य दर पंधरा दिवसांनीं थोडें थोडें घालावयाचें, असा बेत आहे. त्यासाठीं पुतण्या वैशाखांत पुन्हां मंगळवेढ्यास जाणार आहे. परवां वहिनींचा त्याला फोन आला, कीं यंदा हिंग कमी घाल, जिरें वाढव, आणि तो तिसरा डबा थोडा मोठा आण. तिसरा डबा म्हणजे कोकोचा. नातू पुण्यास आहे, डबा सोलापुरांत आहे, आणि तो अर्धा झालेला आहे.